बायबलमधली देवाची पवित्रता आणि न्याय: वाचायला सुरुवात कुठून करू?
अरे, पहिल्याच दिवशी लेवीय (बायबलमधलं नियमांचं पुस्तक) उघडून बसू नकोस, यज्ञांच्या नियमांतच अडकशील (मी अडकलो होतो). आधी यशया ६ (यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय) वाच, सावकाश. सराफीम (देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय दूत) देवाला तीनदा ‘पवित्र’ म्हणतात, यशया घाबरतो, आणि मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावतात, तो जळून जात नाही, शुद्ध होतो, इथे थांब जरा.

मग लेवीय १९. देव पवित्र व्हा म्हणून सांगतो आणि लगेच काय, तर शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला-परक्याला ठेवा, वजनमापं खरी ठेवा!

नवीन लोकांच्या चुका दोनच:
- पवित्रता म्हणजे नुसतं सोवळं समजणं
- जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ (हे बायबलचे दोन भाग) अशी वाटणी करणं

रोम ३ (पौलाच्या रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय) नंतर बघू, घाई नको.