वाचक विचारतात : पिंक फ्लॉइड कुठून ऐकायचं, कसं आणि कशावर

या महिन्यात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली निवडक इथे एकत्र घेतली आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. हा बँड गाण्यांच्या हिशेबात ऐकायचा नसतो, अल्बमच्या बाजूंच्या हिशेबात ऐकायचा असतो. १९७० च्या दशकात ही मंडळी एलपीच्या एका बाजूत मावेल एवढं, साधारण २०-२५ मिनिटांचं संगीत सलग बांधत होती. ते तुकडे करून ऐकलं की निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : *कॉलेजात निम्मी पोरं त्रिकोणाचा टी-शर्ट घालून फिरतात. मी पण ‘टॉप टेन’ची यादी लावली, आठ दिवसांपासून ऐकून राहिलो, पण काही हाती लागलं नाही. काहून? अल्बम तर पंधरा आहेत, सुरुवात कुठून करू?* – धरमपेठ

यादी बंद करा आणि ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) लावा. त्रिकोणाचा म्हणजे लोलकाचा अल्बम ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३). तो दुसरा ऐका. त्यात आवाजांची, बोलण्याची, घड्याळांची गर्दी आहे आणि नवा कान त्या करामतींतच अडकतो. ‘विश यू वेअर हिअर’मध्ये ४४ मिनिटांत फक्त पाच ट्रॅक आहेत. पहिला ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, त्याचे नऊ भाग. पाच अल्बमच्या सुरुवातीला, चार शेवटी. गायन सुरू व्हायला आठ मिनिटं उलटून जातात. घाई करू नका, हा आलापच आहे. जवळपास चार मिनिटांनी डेव्हिड गिल्मरच्या गिटारवर चार सुटे स्वर येतात : बी फ्लॅट, एफ, जी, ई. जी हा षड्ज धरला तर कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज, शुद्ध धैवत. काफी थाट ज्याच्या कानात आहे त्याला हे स्वर परके वाटणार नाहीत. प्रत्येक वेळी चौथ्या स्वरावर ते थांबतात आणि तो धैवत हवेत तसाच राहतो. अख्खा अल्बम त्या न मिटलेल्या स्वरावर उभा आहे असं आमचं मत आहे.

हा अल्बम बऱ्याच अंशी सिड बॅरेटसाठी आहे. बँडचा पहिला गीतकार आणि गायक तोच. मानसिक आजारामुळे १९६८ मध्ये तो बाहेर पडला. ५ जून १९७५ ला, याच अल्बमचं काम चालू असताना, तो लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत आला. वजन वाढलेलं, भुवया आणि केस काढलेले. जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. एवढं माहीत असलं की पुढचं आपोआप कळतं.

तिसरा ‘मेडल’ (१९७१), त्यातही दुसरी बाजू : ‘एकोज’, २३ मिनिटांचं एकच गाणं. चौथा ‘अ‍ॅनिमल्स’ (१९७७). त्याच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात, पण ‘डॉग्ज’मधलं गिटार गिल्मरच्या सर्वोत्तम कामात मोडतं. पाचवा ‘द वॉल’ (१९७९), दोन एलपी, सुमारे ८१ मिनिटं, एका बैठकीत. बॅरेटचा पहिला अल्बम ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ (१९६७) त्यानंतर घ्या, कारण तो जवळजवळ वेगळाच बँड आहे. बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला. नंतरच्या तीन अल्बमांपैकी ‘द डिव्हिजन बेल’ (१९९४) जरूर ऐका, निदान शेवटच्या ‘हाय होप्स’साठी. ‘मोअर’ आणि ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ ही चित्रपटांसाठी केलेली कामं आहेत, ती सावकाश ऐकली तरी चालतील.

प्रश्न : *‘डार्क साइड’ लावला की सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवावा तर थोड्या वेळात घड्याळं अशी वाजतात की घरचे धावत येतात. शिवाय दोन गाण्यांच्या मधे खटका बसतो. फाइल खराब आहे का?* – मानेवाडा

सुरुवातीचं न ऐकू येणं हा फाइलचा दोष नाही. ‘स्पीक टू मी’ शांततेतून हळूहळू वर येतं आणि आधी असतो तो हृदयाचा ठोका. हा ठोका म्हणजे ड्रमचा खर्ज आहे आणि तळहाताएवढ्या ब्लूटूथ स्पीकरला तो खर्ज काढताच येत नाही. म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि ‘टाइम’ची घड्याळं अंगावर येतात. यावर उपाय सोपा आहे. आधी दुसरा ट्रॅक ‘ब्रीद’ लावून आवाज ठरवा, मग पहिल्यापासून सुरू करा आणि बटणाला हात लावू नका.

आता खटका. एलपीच्या पहिल्या बाजूचे पाचही ट्रॅक एकमेकांत मिसळलेले आहेत, दुसऱ्या बाजूचेही. एमपी-३ फाइल १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधली जाते, म्हणजे सीडीच्या दराने सुमारे २६ मिलिसेकंदांचा एक ठोकळा. गाणं ठोकळ्यात नेमकं बसत नाही, म्हणून पुढेमागे शांतता भरली जाते. प्लेअरने ती कापली नाही की जोडावर खटका बसतो. फ्लॅक, म्हणजे आवाजाची काटछाट न करता साठवणाऱ्या फाइलमध्ये ही भर नसते. अ‍ॅपवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये चार गोष्टी पाहा : गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये विराम न ठेवणं) चालू, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात विरवणं) शून्य, शफल (क्रम उलटसुलट करणं) बंद, आणि आवाज समान करणारी सोय एक तर बंद, नाही तर ‘अल्बम’वर. ती ट्रॅकनुसार चालत असेल तर हळू ट्रॅक उचलला जातो, मोठा दाबला जातो आणि जोडाजवळ आवाज पायरीसारखा चढतो-उतरतो.

फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू राहिलेला नाही ना, हेही तपासा. ‘ऑन द रन’मधले आवाज एका कानातून दुसऱ्या कानात धावायला हवेत. ते मधेच बसून राहिले तर एक तर मोनो चालू आहे किंवा इअरफोनची एक बाजू गेली आहे.

आणि कूलर. मे महिन्यात आपल्याकडे डेझर्ट कूलर बंद करा असं कोणी सांगू शकत नाही. त्याची घरघर नेमकी हृदयाच्या ठोक्याच्याच पट्टीत असते आणि पहिलं अर्धं मिनिट गिळून टाकते. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. नॉइज कॅन्सलिंग अशा सलग, खर्जातल्या घरघरीवर उत्तम चालतं. माणसांच्या बोलण्यावर ते तेवढं चालत नाही.

प्रश्न : *तबला शिकतो. ‘मनी’वर रूपक धरला, सात मात्रा जुळतात, तरी काहीतरी उलटं वाटतं. मधे तर पूर्णच चुकतो.* – महाल

मात्रा सातच आहेत, तुमचं मोजणं बरोबर आहे. उलटं वाटतं ते खालीमुळे, म्हणजे तालातल्या हलक्या मात्रेमुळे. रूपकाची समच खाली असते आणि ‘मनी’त सगळ्यात जड ठोका पहिल्याच मात्रेवर पडतो. पखवाजाचा तीव्रा घ्या : धा दिं ता । तिट कत । गदि गन. मात्रा त्याच, विभागही ३-२-२, पण सम भारी. वॉटर्सची बासची ओळ बी हा षड्ज धरून अशी येते : सा, मग एका मात्रेत तार सा आणि प, परत सा, मग खालचा प, खालचा कोमल नी, सा, कोमल ग. सात मात्रांत आठ स्वर. दुसऱ्या मात्रेतले दोन स्वर सारख्या लांबीचे ठेवू नका, पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवा, सगळा झोल तिथे आहे.

चुकता ती जागाही ठरलेली आहे. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे. तो संपून गिटार सुरू झालं की गाणं चार मात्रांत जातं. गिटारच्या तीन फेऱ्या आहेत. मधली कोरडी, कमी वाद्यांची, पण तिन्ही संपेपर्यंत चारच मोजायचे. तिसरी फेरी झाली की परत सात. मेट्रोनोम लावू नका. सुरुवातीच्या नाण्यांच्या आवाजाची टेप गायनाआधी विरते आणि त्यापुढे वादकांची लय हळूहळू चढत जाते. ही टेपसुद्धा सातात आहे. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे टेपचे तुकडे मोजपट्टीने मोजून कापले आणि जोडून त्याची गोल माळ केली. एक तुकडा कमी-जास्त झाला असता तर गाण्याचा पायाच लंगडला असता.

प्रश्न : *‘विश यू वेअर हिअर’ गिटारवर बसवतेय. कॉर्ड बरोबर, तरी रेकॉर्डसारखं वाजत नाही. आणि मूळ गाण्यात पहिलं गिटार टिनाच्या डब्यातून आल्यासारखं का?* – सदर

डब्याचा आवाज मुद्दाम केलेला आहे. आधीचं ‘हॅव अ सिगार’ शेवटी एकदम आक्रसतं आणि रेडिओतून येऊ लागतं. मग कोणीतरी स्टेशनं बदलतंय असं ऐकू येतं, ते आवाज गिल्मरच्या गाडीतल्या रेडिओचे आहेत. त्या रेडिओवर बारा तारांचं गिटार वाजतं आणि त्याला साथ म्हणून खोलीत बसलेला माणूस दुसरं गिटार वाजवतो, ते स्वच्छ आणि जवळून येतं. एकट्याने वाजवताना दोन्ही जमणार नाहीत. जोडीदार शोधा, किंवा पहिला भाग फोनवर रेकॉर्ड करून छोट्या स्पीकरवर लावा आणि वरून दुसरा वाजवा. फोनचा बारीक आवाज इथे कामीच येतो.

सुरुवातीचा क्रम असा : ई मायनर सेव्हन – जी, दोनदा. ई मायनर सेव्हन – ए सेव्हन सस फोर, दोनदा. मग जी वर थांबा. गफलत बहुधा उजव्या नव्हे, डाव्या हाताची असते. अनामिका दुसऱ्या तारेच्या आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि या तिन्ही कॉर्डमध्ये तिथून हलवू नका. बदलतात ती फक्त तर्जनी आणि मधलं बोट. जी साठी मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या आणि तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. शिकवणीत शिकवलेला तीन बोटांचा जी धरलात की दुसरी तार मोकळी राहते आणि वरचा तो सतत घुमणारा स्वर तुटतो. कॉर्डच्या मधली छोटी धून खालच्या तारांवर आहे, ती आधी वेगळी वाजवून घ्या. कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लागत नाही. लय मिनिटाला ६० च्या आसपास, बहुतेक जण ती फार पळवतात.

प्रश्न : *जुन्या एलपी घेतल्या. ‘डार्क साइड’वरच्या ‘ग्रेट गिग’मधला पियानो हेलकावे खातो. रेकॉर्ड वाकली की मशीन बिघडलं?* – सक्करदरा

घड्याळ लावून हेलकावा मोजा. ३३⅓ फेऱ्यांवर एक फेरी १.८ सेकंदांची होते. हेलकावा बरोबर तेवढ्याने परत येत असेल तर दोष रेकॉर्डमध्ये आहे, अनियमित असेल तर पट्टा किंवा मोटर बघा. मग बाजूने डोळा लावून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, पाहा. वर-खाली होतो तर रेकॉर्ड वाकली आहे. डावी-उजवीकडे झुलतो तर मधलं भोक केंद्रात नाही, त्याला घरगुती इलाज नाही.

हलका बाक असेल तर दोन जाड, सपाट काचांमध्ये रेकॉर्ड ठेवून वर सारखं वजन द्या आणि खोलीच्या तापमानात काही आठवडे तशीच राहू द्या. उन्हात किंवा ओव्हनमध्ये सपाट करायला जाऊ नका, बाक जाईल पण खाचाही जातील. एलपीचं प्लास्टिक ६० ते ७० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतं आणि नागपुरात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढी धग होते. दुकानातून रेकॉर्ड आणली की आधी ती वर न्या, पिशवी मागच्या सीटवर राहू देऊ नका. रेकॉर्ड उभ्या आणि सरळ ठेवा, दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. मशीन कूलरच्या झोतात नको, त्या ओलाव्याने कव्हरला बुरशी धरते. धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचांत बसतात आणि कचकच कायमची होते. डिस्टिल्ड पाणी घ्या.

प्रश्न : *‘एकोज’च्या मधे पक्षी किंचाळतात, ते खरे आहेत का?* – वर्धमाननगर

नाहीत, ते गिटार आहे. वाह पेडल (पायाने आवाजाचा रंग बदलणारं यंत्र) उलटं जोडलेलं आहे : गिटारची वायर आउटपुटमध्ये, अ‍ॅम्पची इनपुटमध्ये. मग पाय हलवण्यापेक्षा गिटारचं टोनचं बटण फिरवलं की किंकाळी वर-खाली जाते. जुन्या घडणीच्या पेडलवर हे होतं, बफर (सिग्नल एकाच दिशेने नेणारा भाग) असलेल्या नव्या पेडलमधून आवाजच येणार नाही. अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवून सुरू करा.

प्रश्न : *शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘द वॉल’मधलं ‘अनदर ब्रिक’ बसवायचंय. मुलांच्या आवाजात ती जाडी येत नाही.* – मनीषनगर

मूळ रेकॉर्डवरही मुलं थोडीच होती, लंडनच्या आयलिंग्टन ग्रीन शाळेतली. त्यांचाच आवाज पुन्हा पुन्हा घेऊन एकावर एक चढवला आहे. स्टेजवर हे होणार नाही, म्हणून २०-२५ मुलं तरी घ्या, गोड गायला सांगू नका, मैदानात ओरडतात तसं एका सुरात म्हणू द्या. पट्टी डी मायनर, लय १०४ च्या आसपास. आणि आधीचा छोटा तुकडा ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ सोडू नका, त्याच्या शेवटच्या किंकाळीवरच हे गाणं सुरू होतं.

प्रश्न : *माझ्याकडच्या ‘द वॉल’च्या शेवटी कोणीतरी बोलता बोलता अर्ध्यात तुटतं. सीडी सदोष आहे?* – हनुमाननगर

सीडी ठीक आहे. त्या वाक्याचा उरलेला भाग अल्बमच्या अगदी सुरुवातीला, पहिलं गिटार कोसळण्याआधी, हलक्या आवाजात आहे. संपूर्ण अल्बम रिपीटवर लावा, मधे विराम येऊ देऊ नका, वाक्य जुळेल.