मार्केझची ‘देर्बी’ आणि खरी देर्बी

प्रश्न असा आहे: मोटारसायकल शर्यतींतला स्पॅनिश स्वार मार्क मार्केझने 2010 मध्ये 125 सीसी वर्गात पहिलं जगज्जेतेपद मिळवलं ते स्पेनच्या ‘देर्बी’ या दुचाकीवर, मग ही कंपनी आज दिसत का नाही?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या गाडीच्या टाकीवर नाव देर्बीचं होतं, पण आतली गाडी एप्रिलियाची. दोन्ही कंपन्या तेव्हा इटलीच्या पियाजोच्या मालकीच्या होत्या. एकाच गाडीला दोन नावं देणं त्यांना सहज शक्य होतं.

खऱ्या देर्बीची सुरुवात बार्सिलोनाजवळच्या मोलेत गावात, 1922 साली. सिमेओ राबासा नावाच्या तरुणाने तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे तो सायकली बनवू लागला आणि 1949 मध्ये त्याने एसआरएस ही 48 सीसीची मोपेड काढली. सायकलींचा धंदा बरा चालला असताना इंजिनात पडायचं धाडस करायला परिस्थितीही अनुकूल होती. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे स्वस्त दुचाकी देशातच बनवणाऱ्याला गिऱ्हाईक तयार होतं. पुढच्याच वर्षी देर्बी 250 आली. ती त्या काळच्या जावासारखी बरीच दिसते. आपल्याकडे म्हैसूरच्या जावा पाहिलेल्यांनी जुने फोटो शोधून बघा, पटेल.

मग 1957 मध्ये सिअ‍ॅट 600 ही छोटी मोटार आली आणि कुटुंबवाला माणूस हळूहळू मोटारसायकलवरून तिच्याकडे वळला. इथे राबासांची व्यापारी नजर दिसते. मोठ्या गाड्यांच्या मागे न लागता त्यांनी 50 सीसीवर भर दिला. माझ्या मते देर्बी टिकली ती याच एका निर्णयामुळे. बुल्ताको आणि ओसा या दुसऱ्या स्पॅनिश मोटारसायकल कंपन्यांचं नाव जगभर तिच्यापेक्षा मोठं झालं, पण दोघीही ऐंशीच्या दशकात आटोपल्या. तिसरी, माँतेसा, होंडाकडे गेली.

रेसिंगमध्येही हेच छोटं इंजिन कामी आलं. 1962 मध्ये 50 सीसीचा वर्ग जागतिक स्पर्धेत आला, आणि बार्सिलोनातल्या पहिल्याच शर्यतीत होसे बुस्केत्स देर्बीवर दुसरा आला. पण जपानी कंपन्या इतक्याशा इंजिनाला दोन सिलिंडर आणि चौदा-चौदा गिअर लावत होत्या, तिथे मोलेतचा कारखाना काय करणार? जपानी निघून गेले आणि 1969 पासून नियम आला: एकच सिलिंडर, गिअर जास्तीत जास्त सहा. आता मुकाबला देर्बीच्या आवाक्यात आला. माद्रिदच्या वायेकास या कष्टकरी वस्तीत वाढलेला आंखेल निएतो त्याच वर्षी देर्बीवर अवघ्या एका गुणाने जगज्जेता झाला. दुचाकीच्या जागतिक स्पर्धेतला हा पहिला स्पॅनिश जगज्जेता. 1970 मध्ये पुन्हा 50 सीसी, 1971 मध्ये 125 आणि 1972 मध्ये दोन्ही. त्यातलं 1972 चं 50 सीसीचं जेतेपद तर अजबच होतं. निएतो आणि क्राइडलर या जर्मन कंपनीचा स्वार यान दे व्हरीस यांचे गुण सारखे, विजयही सारखे. शेवटी शर्यतींच्या वेळांची बेरीज करावी लागली आणि निएतो सुमारे 21 सेकंदांनी वरचढ ठरला! त्यानंतर देर्बीने स्पर्धेतून अंग काढून घेतलं.

ऐंशीच्या दशकात कंपनी परतली. खोर्खे मार्तिनेस ‘आस्पार’ने 1986 ते 1988 अशी सलग तीन वर्षं 80 सीसीची जेतेपदं आणली, शिवाय 1988 चं 125 सीसीचंही.

नंतर बाजार बदलला. स्पेन 1986 मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि परदेशी गाड्यांसाठी दारं उघडली. सेंदासारख्या पोरांच्या आवडत्या 50 सीसी गाड्यांवर देर्बीने आणखी बरीच वर्षं काढली. 2001 मध्ये ती पियाजोला विकली गेली आणि 2013 मध्ये तिचा मोलेतजवळच्या मार्तोरेयेसचा कारखाना बंद झाला. पियाजो आपल्याला परकी नाही. कायनेटिकची लूना त्यांच्याच चाओ मोपेडवरून घेतलेली होती, आणि आज बारामतीत त्यांचा मोठा कारखाना आहे.

मार्केझचं जेतेपद देर्बीच्या खात्यात धरायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी धरत नाही. माझ्या लेखी कंपनीने स्वतःच्या गाडीवर मिळवलेलं शेवटचं जेतेपद 1989 चं, मानुएल एरेरोसचं, 80 सीसीचं. त्या वर्षी एरेरोसने एकही शर्यत जिंकली नव्हती.