गाडी उचलल्यावर स्टिअरिंग का भरकटते
पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) असलेली तुमची गाडी सस्पेन्शन बदलून 50 मिलिमीटर उचलल्यावर सरळ रस्त्यावरही भरकटत असेल आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नसेल, तर टायरला दोष देण्याआधी कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा बाजूने पाहता मागे असलेला कल) मोजून घ्यावा. उंची वाढताना अ‍ॅक्सल किंचित फिरून हा कोन घटतो आणि तो ऑफसेट बुश (भोक मध्यापासून बाजूला असलेली, जोडात बसणारी पुंगळी) बसवून परत मिळवावा लागतो. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) हा दोष घालवत नाही, फक्त झाकतो. उंची वाढल्यावर पॅनहार्ड रॉडमुळे (अ‍ॅक्सलला चॅसीशी आडवा जोडणारा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड लावून अ‍ॅक्सल आधी मध्यावर आणावा, मगच ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून त्याची लांबी जुळवत स्टिअरिंग सरळ करावे. पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक समांतर नसतील, तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देते. टो (वरून पाहता पुढची चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) शेवटी, गाडी चाकांवर उभी असतानाच तपासावा.