‘कर्नाटक युद्धे’ कर्नाटकात का सापडत नाहीत?

प्रश्न असा आला आहे: इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात अठराव्या शतकात हिंदुस्थानात झालेल्या तीन युद्धांना आपण ‘कर्नाटक युद्धे’ म्हणतो. पण मद्रास, पाँडिचेरी, अर्काट, अंबूर, त्रिचनापल्ली, वांदिवाश ही ठिकाणे नकाशात शोधायला जावे तर ती तमिळनाडूत आणि पुदुच्चेरीत निघतात. कर्नाटकात एकही नाही. मग नाव चुकले आहे का? आणि हल्ली काही जण ‘कर्नाटिक युद्धे’ लिहितात, ते जास्त बरोबर का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. नाव बरोबर आहे. ज्या काळात ते पडले त्या काळी अर्काट आणि त्रिचनापल्ली कर्नाटकातच होती. ‘कर्नाटिक’ या रूपाची मराठीला गरज नाही. ‘कर्नाटकात झालेली युद्धे’ असे मात्र लिहू नये, कारण सप्तमी लावली की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आजचे राज्य उभे राहते.

आज आपण कर्नाटक म्हणतो ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला मैसूर या नावाने अस्तित्वात आले आणि १ नोव्हेंबर १९७३ ला त्याचे नाव कर्नाटक झाले. म्हणजे राज्याचे नाव म्हणून हा शब्द अगदी अलीकडचा आणि देशनाम म्हणून फार जुना. व्युत्पत्ती दोन सांगतात: ‘करु नाडु’ म्हणजे उंचावरचा प्रदेश, किंवा काळ्या मातीचा प्रदेश. कोणतीही धरली तरी दख्खनच्या पठाराचे हे नाव. मग ते घाट उतरून बंगालच्या उपसागराच्या काठी कसे गेले?

ते राजवटीबरोबर गेले. विजयनगरचे राज्य स्वतःला कर्णाट राज्य म्हणवत असे. १५६५ मध्ये तालिकोटला पराभव झाला, हंपी उजाड झाली आणि राजधानी आधी पेनुकोंडा, मग चंद्रगिरी, मग वेल्लोर अशी आग्नेयेकडे सरकत गेली. राजा सरकला तसे राज्याचे नावही सरकले. १६३९ मध्ये इंग्रजांना मद्रासची जागा मिळाली ती चंद्रगिरीच्या याच राजाच्या एका नायकाकडून. तेव्हा मद्रासचा इंग्रज व्यापारी पहिल्या दिवसापासून ‘कर्नाटकात’ राहत होता. मागची हकीकत त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पुढे विजापूर आणि गोवळकोंडा यांनी हा मुलूख वाटून घेतला, म्हणून कर्नाटक-विजापुरी आणि कर्नाटक-हैदराबादी असे दोन भाग झाले. त्या प्रत्येकाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे आणखी दोन: बालाघाट आणि पायीनघाट. फारसीत बाला म्हणजे वर, पायीन म्हणजे खाली. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगरामुळे पहिला शब्द आपल्या कानाला सरावाचा आहे. दुसरा विसरला गेला. या विसरलेल्या ‘पायीनघाट’मध्येच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कर्नाटक युद्धे ही कर्नाटक पायीनघाटातली युद्धे. नेल्लोरपासून अर्काट, चंदी (जिंजी), त्रिचनापल्लीपर्यंतचा हा पूर्वेचा सखल मुलूख. अर्काटचा नवाब त्याचा कारभारी आणि कागदोपत्री तो हैदराबादच्या निजामाच्या हाताखालचा. याच नवाबीच्या गादीवर कोण बसणार, या वादात १७४९ पासून इंग्रज एका बाजूने उतरले आणि फ्रेंच दुसऱ्या बाजूने.

हा वर-खालीचा भेद किती खरा होता, हे १७४० च्या मे महिन्यात दिसते. फत्तेसिंह भोसले आणि रघूजी भोसले यांच्या फौजा पठारावरून खाली उतरत होत्या. नवाब दोस्तअली दमलचेरीच्या खिंडीचे तोंड अडवून बसला होता. ही खिंड आजच्या आंध्रातल्या चित्तूर भागात येते. घाटावरून अर्काटच्या मैदानात यायचे तर वाटा मोजक्याच, आणि त्या बंद केल्या की पायीनघाट सुरक्षित, असा त्याचा हिशोब. मराठे दुसऱ्या वाटेने उतरून त्याच्या पिछाडीला निघाले आणि २० मे रोजी दोस्तअली तिथेच पडला. पुढच्या वर्षी, मार्च १७४१ मध्ये, त्रिचनापल्ली घेऊन त्याचा जावई चंदासाहेब याला मराठ्यांनी कैद केले आणि साताऱ्यास नेले. तो सुटला १७४८ मध्ये, आणि सुटल्यावर फ्रेंचांचा उमेदवार झाला. ‘कर्नाटक युद्धां’चा एक धागा असा थेट साताऱ्यातून निघतो. पाठ्यपुस्तकांतून बहुधा हाच धागा गळतो आणि चंदासाहेब एकाएकी कुठून उगवला ते विद्यार्थ्याला कळत नाही.

मराठीपुरती खरी अडचण पुढे आहे. मराठी कागदांत ‘कर्नाटक’ हा शब्द दोन्ही घाटांना चालत असे आणि तो वरचा की खालचा हे लिहिणारा सांगत बसत नसे. शिवाजी महाराजांची १६७७ ची कर्नाटक स्वारी म्हणजे चंदी आणि वेल्लोर, अर्थात खालचे कर्नाटक. थोरल्या माधवरावांच्या कर्नाटकच्या मोहिमा हैदरअलीविरुद्धच्या, अर्थात वरचे कर्नाटक. शब्द एकच, मुलूख दोन. म्हणून जुना कागद वाचताना आधी शेजारची गावे पाहावीत. सावनूर, शिरे, बिदनूर, होसकोटे आली की घाटावर आहात. अर्काट, चंदी, येलूर, त्रिचनापल्ली आली की खाली. गुत्ती आली तर जास्त जपून, कारण तिथले मराठा सरदार मुरारराव घोरपडे गुत्तीकर दोन्हीकडे वावरत. १७५१ मध्ये इंग्रजांचा सेनानी क्लाइव्ह अर्काटच्या किल्ल्यात वेढला गेला होता, तेव्हा मुरारराव आपले घोडेस्वार घेऊन घाटाच्या पायथ्याशी तळ देऊन होते, आणि ते इंग्रजांच्या मदतीला निघाल्याच्या बातमीने वेढ्याचा रंग बदलला.

गावांची नावेही ओळखीची असतीलच असे नाही. चंदी म्हणजे जिंजी, चंदावर म्हणजे तंजावर, येलूर म्हणजे वेल्लोर, चेनापट्टण म्हणजे मद्रास. चंदी, चंदावर आणि चंदासाहेब ही तिन्ही एका पानावर आली की नवखा वाचक हमखास गोंधळतो. चंदी हा किल्ला, चंदावर ही व्यंकोजींच्या वंशजांची राजधानी, आणि चंदासाहेब हा माणूस, जो जून १७५२ मध्ये तंजावरच्याच सेनापतीच्या हाती सापडला आणि मारला गेला. शोधणाऱ्यांसाठी आणखी एक: ‘फ्रेंच’ हा शब्द घेऊन पेशवाईतली पत्रे चाळलीत तर रिकाम्या हाताने परत याल. तिथे ‘फरासीस’ आहे. बुसी हा फ्रेंच सेनानी ‘मुसाबुसी’ होतो, म्हणजे ‘मुस्यू बुसी’ एकत्र जोडून. ‘टोपीकर’ आले तर ते कोणत्याही युरोपियनाला लागू पडते, त्यावरून इंग्रज की फ्रेंच हे ठरवू नये.

आता ‘कर्नाटिक’. हे इंग्रजी रूप देवनागरीत परत आलेले आहे. मूळ शब्द कर्नाटक. इंग्रजांच्या तोंडी त्याचा शेवट ‘-टिक’ झाला, बहुधा बाल्टिक, एड्रियाटिक अशा नावांचा साचा त्यांच्याकडे तयार होता म्हणून. मराठी वाचकाला मात्र ‘-इक’ दिसले की तो प्रत्यय वाटतो. ‘मास’चे मासिक, ‘नगर’चे नागरिक, तसे ‘कर्नाट’चे कर्नाटिक असावे असा भास होतो आणि हे शुद्ध विशेषण आहे अशी समजूत होते. ती समजूत खोटी आहे. आपलाच शब्द परक्या वेषात परत घेण्याचे कारण नाही. ‘राज्याशी घोटाळा होऊ नये म्हणून मुद्दाम वेगळे रूप’ असा एक बचाव करतात, आणि त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. पण मग शिवाजी महाराजांची ‘कर्नाटिक स्वारी’ म्हणाल का? ‘कर्नाटिक संगीत’ मात्र बरेच जण म्हणतात. त्या संगीताचे मोठे पीठ तंजावर, म्हणजे तिथेही शब्द आजच्या राज्यापेक्षा मोठाच आहे. मराठीत ‘कर्नाटक संगीत’ रुळले आहे, तेच ठेवावे. घोटाळा टाळायचा तर पहिल्या उल्लेखाला ‘कर्नाटक पायीनघाट (अर्काटची नवाबी)’ अशी एक ओळ घालावी, पुढे नुसते ‘कर्नाटक युद्ध’ लिहावे.

‘पहिले कर्नाटक युद्ध’ असे सामासिक रूप मराठीत निर्धास्त चालते. ‘मैसूर युद्धे’ हे त्याच घडणीचे आहे. शब्द समासात गेला की तो नावाचा भाग होतो, आणि नाव जसे पडले तसे ठेवायचे असते. ‘कर्नाटकातील युद्धे’ म्हणताच ते वर्णन होते, आणि वर्णन म्हणून ते आज चुकीचे ठरते. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते: नवाबाच्या पदवीचे ‘कर्नाटकचा नवाब’ असे शब्दशः भाषांतर करतात आणि पुढच्या वाक्यात ‘कर्नाटकात दुष्काळ पडला’ असे लिहून जातात. ‘अर्काटचा नवाब’ लिहा. ते मराठीत जुने आहे आणि त्याने कोणी फसत नाही. त्या मुलखात रुपयासुद्धा ‘अर्काटी’ होता. १७३६ मध्ये पाँडिचेरीत तो पाडण्याची परवानगी फ्रेंचांनी दोस्तअलीकडूनच मिळवली होती. किनाऱ्यापुरते बोलायचे असेल तर ‘चोळमंडल किनारा’ आहेच. ‘कोरोमंडल’ ही त्याचीच युरोपियनांच्या तोंडी बदललेली छबी.

नावात सगळे युद्ध मावत नाही, हेही सांगायला हवे. १७४६ ते १७४८ चे पहिले युद्ध बरेचसे मद्रास-पाँडिचेरीच्या आसपास झाले, पण त्याचा निकाल युरोपात लागला: एक्स-ला-शापेलच्या तहाने मद्रास इंग्रजांना परत मिळाले आणि बदल्यात उत्तर अमेरिकेतले लुईसबर्ग फ्रेंचांना. दुसऱ्या युद्धाच्या काळात बुसीच्या तोफा थेट महाराष्ट्रात आल्या. नोव्हेंबर १७५१ मध्ये कुकडीच्या काठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, त्याने पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. १७५६ मध्ये सावनूरच्या वेढ्यात तोच बुसी पेशव्यांच्या बाजूने तोफा डागत होता. सावनूर आजच्या कर्नाटकात आहे, आणि तरीही हा वेढा ‘कर्नाटक युद्धां’त मोजत नाहीत. तिसऱ्यात चंद्रनगर बंगालमध्ये पडले आणि मछलीपट्टण आंध्राच्या किनाऱ्यावर. २२ जानेवारी १७६० ची वांदिवाशची लढाई आणि १६ जानेवारी १७६१ ला शरण आलेले पाँडिचेरी, ही मात्र अस्सल पायीनघाटातली. पानिपतनंतर अवघ्या दोन दिवसांनी पाँडिचेरी पडले, या दोन तारखा मराठी वाचकाने शेजारी शेजारी ठेवाव्यात अशा आहेत.

तारखांवरून आठवले: १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनदर्शिका वापरत आणि फ्रेंच नवी, दोघांत अकरा दिवसांचे अंतर. म्हणून मद्रास पडल्याची तारीख एका पुस्तकात १० सप्टेंबर १७४६ आणि दुसऱ्यात २१ सप्टेंबर दिसते. क्लाइव्ह अर्काटमध्ये शिरला तो दिवस ३१ ऑगस्ट १७५१, नव्या हिशोबाने ११ सप्टेंबर. दोन्ही बरोबर, फक्त एका लेखात दोन पद्धती मिसळू नयेत, नाहीतर अर्काटचा ५० दिवसांचा वेढा ३९ किंवा ६१ दिवसांचा होऊन बसतो.

राहिला न-ण चा प्रश्न, तो विचारलेला नाही, पण विचारला जाणारच. संस्कृतात ‘कर्णाट’ असा ण आहे, म्हणून विजयनगरबद्दल लिहिताना ‘कर्णाट राज्य’ लिहिणे योग्य. राज्याच्या नावात आणि युद्धांच्या नावात न; कन्नडमध्येही तो न च लिहितात. जुन्या छापील मराठी पुस्तकात ‘कर्णाटक’ दिसले तर अवतरणात तसेच ठेवा, स्वतःच्या वाक्यात न लिहा.