धुऊनही कुबट वास का जात नाही?

प्रश्न : माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेतले सुती कपडे आणि वाकळा पावसाळा सरला की दर वर्षी कुबट वास मारतात. साबणाने धुतले, तरी इस्त्री फिरवली की वास पुन्हा येतोच. (पाटण, जि. सातारा)

उत्तर : इस्त्रीच्या उष्णतेने वास उसळतो याचा अर्थ बुरशी अजून धाग्यात आहे. साबण मळ काढतो, बुरशी पुरती निघेलच असे नाही. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांवर टिकला की ती वाढू लागते, आणि पाटणच्या पावसात तो आठवडेच्या आठवडे त्याहून खाली येत नाही. कपड्यात राहिलेला घाम, साबणाचा अंश आणि खळ हे तिचे खाणे. म्हणून ठेवणीतल्या कपड्यांना खळ देऊच नका.

कपडे आधी अंगणात झटका, घरात नको. मग १० लिटर पाण्यात एक कप पांढरे व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास भिजवा आणि नंतर नेहमीसारखे धुवा. पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांना ६० अंशांचे गरम पाणी चालते. व्हिनेगरमध्येच खाण्याचा सोडा टाकण्याची एक युक्ती सगळीकडे फिरते. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती काही लागत नाही. ब्लीच मात्र व्हिनेगरबरोबर चुकूनही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरी गफलत वाळवण्यात होते. वाकळ वरून दुपारपर्यंत कोरडी लागते, पण आतले थर ओलेच असतात. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, मध्ये उलटा, दव पडायच्या आत घरात घ्या. शंका असेल तर रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सकाळी पिशवीला आतून दमटपणा दिसला तर आणखी ऊन हवे. उन्हातून आणलेले गरम कपडे लगेच ट्रंकेत कोंबू नयेत. तासभर निवू द्या, नाहीतर आतली उबदार हवा थंड पत्र्यावर पाणी धरते.

ट्रंकही पुसून, उघडी करून उन्हात ठेवा. तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर जुने सुती कापड घाला, म्हणजे शाई लागणार नाही. ओल येणाऱ्या भिंतीपासून ट्रंक चार बोटे लांब हवी. हे सगळे ऑक्टोबरच्या उन्हात उरकावे. श्रावणातल्या उघडिपीवर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : जरीच्या रेशमी साड्यांनाही हाच उपाय चालेल का? (सांगली)

उत्तर : नाही. व्हिनेगर, सोडा, कडक ऊन तिन्ही वर्ज्य. सावलीत पंख्याखाली दोन-तीन तास पसरा, घडी मोडून नव्या जागी घाला आणि धुतलेल्या बिनखळीच्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या कव्हरात ओल कोंडते. डाग दिसलेच तर घरी पाणी लावू नका. ड्रायक्लीनिंगला देताना डाग बुरशीचे आहेत हे सांगा. अत्तर फवारून वास झाकायला गेलात तर रेशमावर कायमचा डाग पडू शकतो.

प्रश्न : डांबर गोळ्या ठेवूनही वास येतो, तो का? (कराड)

उत्तर : गोळ्या कसरीसाठी असतात, त्या ओल शोषत नाहीत. ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तान्ह्या बाळाचे कपडे आणि दुपटी डांबर गोळ्यांपासून लांबच ठेवा. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ होते. असे कपडे आधीच गोळ्यांत राहिले असतील, तर बाळाला न घालणेच बरे.