रंग शून्यावर आणा, मग सांगा

या वेळची बरीच पत्रं जुन्या, पाठीला पोक असलेल्या टीव्हींची आहेत. बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलंय, ‘रंग बिघडलाय, काय करू?’ एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. रंग पडद्याच्या एका भागात बिघडलाय की सगळीकडे? सेट थंड असताना की तापल्यावर? आणि रिमोटवरून कलर पूर्ण शून्यावर आणला, तर चित्र नीट काळं-पांढरं होतं की तरीही एखादी छटा राहते? हे तीन तपशील ज्यांनी दिले, त्यांचीच पत्रं घेतलीत. (एका पत्रात नव्हते, तरी घेतलं. का ते पुढे कळेल.)

प्रश्न : ताई, आमचा २१ इंची टीव्ही आहे. गणपतीत हॉलची मांडणी बदलली, टीव्ही कोपऱ्यात गेला आणि त्याला खेटून होम थिएटरचा मोठा स्पीकर आला. विसर्जनानंतर स्पीकर हलवला, पण पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जांभळट डाग राहिलाय. बातम्या देणाऱ्या बाई त्या बाजूला आल्या की त्यांचं कपाळ हिरवं दिसतं. कलर शून्यावर आणला तरी डाग जात नाही. बाकी चित्र उत्तम. मेकॅनिक म्हणतात, पिक्चर ट्यूब गेली, चायना किट टाका. (कराड)

उत्तर : तुमची ट्यूब ठणठणीत आहे. आणि ती खरंच गेली असती, तर किट टाकून काय होणार होतं? किट म्हणजे आतला बोर्ड. ट्यूब तीच राहते. हे तुमच्या मेकॅनिकना माझ्यातर्फे विचारा.

पडद्याच्या काचेमागे एक पातळ पोलादी जाळी असते, शॅडो मास्क. ट्यूबच्या मानेतल्या तीन गनमधून तीन झोत निघतात आणि जाळीच्या भोकांतून तिरपे जाऊन आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर पडतात. सगळा खेळ त्या कोनाचा. स्पीकरच्या मागे दणकट चुंबक असतं. ते शेजारी आलं की जाळी स्वतःच चुंबक होते, झोत किंचित वाकतात आणि लाल झोत हिरव्या ठिपक्याला लागतो. स्पीकर गेला तरी जाळीतलं चुंबकत्व उरतं. म्हणून तुमचा डाग उरला.

हे घालवायची सोय सेटमध्येच असते. ट्यूबला मागून वेढणारी, काळ्या टेपने गुंडाळलेली तारेची जाड वेटोळी म्हणजे डिगॉसिंग कॉइल. सेट थंड असताना मेन स्विच लावला की तिच्यातून क्षणभर एसी करंटचा मोठा लोंढा जातो आणि झपाट्याने ओसरतो. ‘धुंम्’ असा जो आवाज येतो तो तिचाच. ओसरवण्याचं काम पॉझिस्टर करतो. गार असताना तो करंट जाऊ देतो, तापला की अडवतो.

आता गोम इथे आहे. बऱ्याच सेटमध्ये मेन स्विच चालू असेपर्यंत पॉझिस्टर गरमच राहतो, रिमोटने टीव्ही बंद केलेला असला तरी. म्हणजे जी मंडळी वर्षानुवर्षं रिमोटनेच बंद-चालू करतात, त्यांच्या सेटचं डिगॉसिंग फक्त लाइट गेल्यावर होतं! तेव्हा आधी हे करा. भिंतीवरचा स्विच बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, मग चालू करा. आवाज ऐका, डाग बघा. फिकट झाला तर हेच पुन्हा करा, प्रत्येक वेळी पुरतं थंड होऊ देऊन. लगेच बंद-चालू केल्याने काहीही होत नाही, पॉझिस्टर गरम असतो.

आवाजच आला नाही, तर पॉझिस्टर गेलाय किंवा कॉइलचा प्लग निघालाय. पॉझिस्टर म्हणजे मेन फ्यूजजवळची दोन किंवा तीन पायांची छोटी डबी. काढून हलवली आणि आत खुळखुळ वाजलं की निकाल लागला. भाग स्वस्त आहे, पण बदलायला जाणता माणूस बोलवा, कारण तो भाग सरळ घरच्या विजेवर असतो.

आवाज येतो, डाग मात्र हटत नाही, अशा वेळी हातातली डिगॉसिंग रिंग लागते. जुन्या दुकानात ती खिळ्याला टांगलेली असतेच. टीव्ही चालू ठेवून पडद्यासमोर रिंग गोल फिरवायची, रंग वेडेवाकडे नाचतात ते नाचू द्यायचे, आणि फिरवत फिरवतच हळूहळू दोन मीटर मागे यायचं. तिथे रिंग पडद्याशी काटकोनात वळवून मग बटण सोडायचं. पडद्याजवळ असताना बटण सुटलं तर आधीपेक्षा मोठा डाग पाडून ठेवाल. टीव्हीवर लग्नाच्या कॅसेट ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या आधी दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर डागाबरोबर लग्नही पुसलं जायचं.

फ्रिजवरचं चुंबक फिरवून डाग जातो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्थिर चुंबकाने जाळी आणखी चुंबक होते.

अजून एक शक्यता आहे. मांडणी बदलताना टीव्हीचं तोंड पूर्वेचं उत्तरेला झालं असेल, तर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रानेही छटा सरकते. २९ इंचीत ती चटकन जाणवते, २१ इंचीत कमी. औषध तेच, नव्या जागी थंड सेट चालू करणं. मात्र हलवताना सेट आपटला असेल आणि आतली जाळी वाकली असेल, तर तो डाग कशानेच जात नाही. तुमचा डाग स्पीकर आल्यावरच आला, त्यामुळे मला ती भीती वाटत नाही.

प्रश्न : आदरणीय सर, आमच्या टीव्हीतला लाल रंग मधूनच गायब होतो. सगळं चित्र फिरोजी होतं, कलर शून्यावर आणला तरी ती छटा राहते, वरून थाप मारली की लाल परत येतो. शिवाय पावसाळ्यात चालू केल्यावर पहिला अर्धा तास चित्र धूसर, मग स्वच्छ. हे दोन वेगळे बिघाड का? (चिपळूण)

उत्तर : मी सर नाही, बाई आहे. पत्र छान लिहिलंयत, म्हणून चालवून घेते.

दोन्ही बिघाड वेगळे, पण राहतात एकाच घरात : ट्यूबच्या मानेच्या टोकाला खोचलेला छोटा बेस बोर्ड. त्यावर लाल, हिरव्या, निळ्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर (किंवा तिघांचं काम करणारा एक आयसी) असतात. ते तापतात, थंड होतात, पुन्हा तापतात, आणि त्यांच्या पायांभोवतीचं सोल्डर गोल चिरतं. ड्राय सोल्डर. थाप मारली की टेकतं, म्हणून लाल परत येतो. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती बारीक काळी रिंग दिसते. नुसतं वरून गरम करू नका. जुनं सोल्डर ओढून काढा, पाय घासा आणि नवं भरा. मेन बोर्डकडून येणाऱ्या वायरींच्या कनेक्टरचे पायही त्याच बैठकीत उरकून घ्या.

लालच गेलाय की आणखी काही, हे बघायला कलर बार लावा. पेन ड्राइव्हवर चित्र घालून सेट टॉप बॉक्समधून दाखवता येतं. पट्ट्यांचा क्रम डावीकडून पांढरा, पिवळा, फिरोजी, हिरवा, मॅजेंटा, लाल, निळा, काळा. लाल गन बंद असेल तर पांढरा फिरोजी होतो, पिवळा हिरवा, मॅजेंटा निळा, आणि लाल पट्टा काळा. असंच दिसलं तर मेन बोर्डाला हात न लावता आधी मानेकडे जा. कलर शून्यावर आणूनही फिरोजी छटा राहते, हे तुम्ही लिहिलंयच. डिकोडरमध्ये (मेन बोर्डावरचा, सिग्नलमधून रंग वेगळे काढणारा भाग) दोष असता, तर कलर उतरवल्यावर चित्र साधं काळं-पांढरं व्हायला हवं होतं.

पावसाळी धूसरपणा ट्यूबच्या सॉकेटचा. फोकसचा पाय सॉकेटमध्ये वेगळ्या कप्प्यात असतो, कारण त्यावर काही हजार व्होल्ट असतात. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तिथे हिरवा गंज धरतो आणि व्होल्टेज झिरपतं. सेट तापून ओल सुकली की चित्र स्वच्छ. गंज साफ करून दोन महिने ढकलता येतात, पण सॉकेट नवं टाकणं बरं.

थाप मारणं मात्र आजपासून बंद. चीर वाढत जाते, आणि ट्यूबची मान ही काचेतली सगळ्यात नाजूक जागा. मान तडकली की हवा आत शिरते. त्यावर उपाय नाही.

प्रश्न : मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करतो. घरच्या सेटवर सुरुवातीला चित्र ठीक असतं, मग अचानक सगळा पडदा लालभडक, त्यावर तिरप्या बारीक रेषा, आणि थोड्या वेळात सेट आपोआप बंद. ट्रान्झिस्टर बदलून पाहिला, फरक नाही. (नाशिक रोड)

उत्तर : बाळा, ट्रान्झिस्टर बदलण्याआधी मोजायचा असतो.

लाल कॅथोडचं (गनमधलं झोत सोडणारं टोक) व्होल्टेज खाली आलं की लाल गन पूर्ण उघडते. त्या रेषा म्हणजे एरवी दडलेला झोताचा परतीचा प्रवास. करंट मर्यादेबाहेर गेला की संरक्षण सेट बंद करतं. तेव्हा प्रश्न एवढाच, कॅथोडला खाली कोण ओढतंय? बोर्ड की ट्यूब?

आउटपुटला साधारण १८० ते २०० व्होल्टचा पुरवठा असतो. तो आधी तपास. तोच पडला असेल तर तिन्ही रंग एकदम उघडतात आणि पडदा पांढरा होतो, त्यामुळे तुझ्याकडे तो ठीक असणार. मग सेट बंद करून लाल ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरकडून कॅथोडच्या पायाकडे जाणारा रेझिस्टर एका बाजूने सोडव, सेट चालू करून कलेक्टर मोज. इतर दोघांइतकं व्होल्टेज वर आलं, तर बोर्ड निर्दोष आणि ट्यूबमध्ये हीटर (कॅथोड तापवणारी तार) आणि कॅथोड शॉर्ट. खालीच राहिलं, तर कलेक्टरचा लोड रेझिस्टर उघडा झालाय किंवा मागून येणारा ड्राइव्ह चुकतोय. लोड रेझिस्टर कायम गरम असतो आणि वरून धडधाकट दिसून आतून तुटलेला असतो, म्हणून मीटर लावूनच बघ. तापल्यावरच येणारा दोष असल्याने माझा कौल ट्यूबकडे आहे.

ट्यूब निघाली तर जुना जुगाड आहे. हीटरची एक बाजू सहसा चॅसीला जोडलेली असते, म्हणून कॅथोड हीटरला टेकला की सरळ ग्राउंडला जातो. हीटरचे दोन्ही ट्रॅक तोडून त्याला चॅसीपासून मोकळा कर, आणि एफबीटीच्या (ट्यूबसाठी हाय व्होल्टेज तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर) उघड्या फेराइटवर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरचे दोनेक वेढे घेऊन त्यावर हीटर चालव. शॉर्ट तसाच राहतो, पण आता ग्राउंडला जात नाही. किती वेढे, हे साध्या मीटरवर ठरवू नकोस. तिथे १५,६२५ हर्ट्झचे पल्स असतात, ६.३ व्होल्टचा हीटर मीटरवर भलताच आकडा दाखवेल. आधी हीटर जेवढा नारिंगी दिसायचा तेवढाच दिसला पाहिजे. कमी चालेल, जास्त नको. लाल रंगाच्या कडा किंचित पसरट दिसतील, तेवढं सहन कर.

हे सगळं तू आयटीआयला आहेस म्हणून लिहिलं. तरीही तुझ्या निदेशकांना शेजारी उभं करून कर. अ‍ॅनोडवर पंचवीसएक हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. मेनचा मोठा कॅपॅसिटरही तीनशेच्या वर भरलेला असतो. पहिला हात लावण्याआधी दोन्ही डिस्चार्ज. ट्यूब डिस्चार्ज करताना वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या अर्थच्या जाळीला लाव, बोर्डाच्या ग्राउंडला नाही. आणि एक हात खिशात.

प्रश्न : भावाने न्यू जर्सीहून पुतण्याच्या मुंजीची डीव्हीडी आणि तिथलाच प्लेअर आणला. आमच्या जुन्या टीव्हीवर मुंज काळी-पांढरी दिसते. बाकी चॅनेल रंगीत. (कुडाळ)

उत्तर : हेच ते तपशील न दिलेलं पत्र. पण ‘न्यू जर्सी’ वाचूनच काम झालं. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं ते पाल पद्धतीचं, रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झची. अमेरिकेत एनटीएससी, ३.५८ ची. तुमच्या टीव्हीला ती लहर ओळखता येत नाही, म्हणून तो रंग गाळून उरलेलं दाखवतो. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ करून बघा. नसेल तर प्लेअरच्या मेनूत ‘पाल’ निवडा. तेही नसेल तर इथला कुठलाही साधा डीव्हीडी प्लेअर आणा, बहुतेक सगळे एनटीएससीची डिस्क पालमध्ये बदलून देतात. आणि पिवळी पिन पिवळ्याच भोकात आहे ना, ते बघा. हिरव्यात गेली तरी नेमकं असंच काळं-पांढरं दिसतं.

प्रश्न : आजोबांचा जुना रंगीत टीव्ही. चित्र यायला पाच मिनिटं लागतात, आधी निळसर-हिरवं, मग हळूहळू लाल. उजळ भाग चंदेरी, चिकट दिसतो. ट्यूब ‘बूस्ट’ करून घ्यावी का? (पुणे)

उत्तर : नको. ट्यूब डाऊन झालीय, लाल गन सगळ्यात जास्त. बूस्टर हीटरला जादा व्होल्टेज देऊन कॅथोडवरचा थकलेला थर जाळतो. कधी काही महिने मिळतात, कधी त्याच दिवशी ट्यूब संपते. एफबीटीवरचा ‘स्क्रीन’ नावाचा नॉब वाढवून उजेड आणणारेही भेटतील. त्याने काळा रंग राखाडी होतो आणि गन अजून दमतात. आठवण म्हणून ठेवायचा असेल तर आहे तसा, कॉन्ट्रास्ट निम्म्यावर ठेवून, अधूनमधून लावा.

भंगारात द्यायचा झाला तर अख्खा द्या, ई-कचरा घेणाऱ्यांकडे. योकमधल्या (मानेवर बसवलेली तारेची वेटोळी) तांब्यासाठी दारातच मान फोडणारे असतात. त्यांना तसं करू देऊ नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि पडद्यामागची पांढरी पूड श्वासात जाण्याजोगी नसते.