सार्वभौम : ईश्वर आणि विदित

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘आंतरराष्ट्रीय लवाद आणि बड्या कंपन्या यांच्यामुळे देशांचे सार्वभौमत्व संपत चालले आहे, असे सारखे वाचनात येते. पण सार्वभौम म्हणजे सगळ्या पृथ्वीचा राजा ना? मग एवढ्याएवढ्या देशांना तो शब्द कसा लागू पडतो? आणि सार्वभौमत्व बरोबर की सार्वभौमता?’

शेवटच्या भागाचा निकाल आधी लावतो. ‘तस्य भावस्त्वतलौ’ या पाणिनीच्या सूत्राने त्व आणि ता हे दोन्ही प्रत्यय सारख्याच अधिकाराने लागतात. दोन्ही रूपे शुद्ध. मराठीत त्व रुळले आहे, तेच वापरावे.

खरा संताप येतो तो ‘सार्वभौमिक’ या शब्दाचा. हिंदीतून हा शब्द आपल्याकडे शिरला आणि आता भाषणांत, निवेदनांत ‘सार्वभौमिक मूल्ये’, ‘सार्वभौमिक आरोग्यसेवा’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. जे सगळीकडे लागू आहे ते सार्वत्रिक, जे साऱ्या जगाचे ते वैश्विक. हे दोन धडधाकट शब्द घरात असताना राज्यसत्तेसाठी राखलेला शब्द ओढूनताणून तिथे का न्यायचा? शिवाय ‘सार्वभौम’ हेच विशेषण आहे, त्याला आणखी ‘इक’ कशाला?

आता व्युत्पत्ती. सर्वभूमि या शब्दाला अण् प्रत्यय लागला आणि दोन्ही पदांच्या आद्य स्वरांची वृद्धी झाली, म्हणजे अचा आ आणि ऊचा औ झाला. सर्वचे सार्व, भूमिचे भौम. एरवी वृद्धी फक्त पहिल्या स्वराला होते. इथे दोन्हीकडे होते, कारण हा शब्द अनुशतिकादि गणातला, म्हणजे अशा शब्दांच्या व्याकरणातल्या यादीतला आहे. आधिभौतिक, पारलौकिक हे त्याचे भाऊबंद. अर्थ सांगणारे पाणिनीचे सूत्र ‘तस्येश्वरः’ (अष्टाध्यायी ५.१.४२), म्हणजे त्याचा स्वामी. सर्वभूमीचा स्वामी तो सार्वभौम, पृथिवीचा स्वामी तो पार्थिव. अमरकोशानेही ‘चक्रवर्ती सार्वभौमः’ असे म्हणून ठेवले आहे. बहुतेक कोश आणि बहुतेक विद्वान इथेच थांबतात, आणि इथे थांबणारा माणूस वाचकाच्याच शंकेत अडकतो. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य सगळेच सगळ्या पृथ्वीचे स्वामी कसे असतील?

पण सूत्रपाठ ४२ वर संपत नाही हो! लगेच पुढचे ४३वे सूत्र आहे : ‘तत्र विदित इति च’. त्याच सर्वभूमि आणि पृथिवी या शब्दांना तेच प्रत्यय लागतात, अर्थ मात्र निराळा : ‘तिथे विदित असलेला’. सर्वभूमौ विदितः सार्वभौमः. सगळ्या भूमीवर जो ज्ञात आहे, ज्याला सगळे ओळखतात, तो सार्वभौम. मला या सूत्राचा जितका आनंद होतो तितका क्वचितच कशाचा होतो. एकाच शब्दात दोन अर्थ शेजारी शेजारी बसले आहेत : ईश्वर आणि विदित, आपला अंमल आणि इतरांची मान्यता. जगाच्या पाठीवर १९३ स्वामी मावणार नाहीत, पण सर्वत्र विदित असलेले १९३ जण सुखाने मावतात.

आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘सार्वभौम’ आहे, हिंदी उद्देशिकेत ‘संपूर्ण प्रभुत्व-संपन्न’. मराठीतही प्रभुसत्ता म्हणावे, सार्वभौम ही अतिशयोक्ती आहे, असे मत मांडणारे अभ्यासक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. त्यांचा डोळा इंग्रजी सॉव्हरिनवर आहे. तो शब्द लॅटिनमधल्या ‘सुपर’वरून, म्हणजे ‘वर’ या अर्थाच्या शब्दावरून आला. त्याच्या स्पेलिंगमधला जी तर मुळात नव्हताच, राज्य करणे या अर्थाच्या ‘रेन’शी नाते आहे अशा समजुतीने तो मागाहून घुसला. सॉव्हरिन म्हणजे वरचा. प्रभुसत्ताही तशीच, वरून खाली पाहणारी. सार्वभौम हा शब्द आडवा पसरतो. तो भूमीवर उभा आहे आणि शेजाऱ्यांच्या नजरेत आहे. घटनेचा मराठी अनुवाद करणाऱ्यांच्या डोक्यात ४३वे सूत्र होते असा माझा दावा नाही, पण शब्द त्यांनी नेमका उचलला.

गणपतीत आरतीनंतर आपण हाच शब्द रोज म्हणतो. मंत्रपुष्पांजलीतला ‘समन्तपर्यायी स्यात् सार्वभौमः’ हा भाग ऐतरेय ब्राह्मणातल्या महाभिषेकाचा आहे. समन्तपर्यायी म्हणजे चहूकडे पोहोचणारा, तोच आडवा पसारा. पुढचे शब्द ‘सार्वायुष आन्तादापरार्धात्’ असे आहेत. ‘सार्वायुषान् तादापरार्धात्’ असे तोडून म्हणू नये, ‘तादा’ असा शब्दच नाही.

विदित बाजूला टाकली तर काय होते हे पाहायचे असेल तर सोमालीलँडकडे पाहा. १९९१मध्ये त्याने सोमालियापासून स्वातंत्र्य जाहीर केले. स्वतःचे चलन काढले, निवडणुका घेतल्या, पासपोर्ट छापले. पुढची तीन दशके संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने त्याला देश म्हणून मान्यता दिली नाही. त्याच काळात मोगादिशूतले सरकार कोसळले, राजधानीच टोळ्यांच्या हातात गेली, तरी सोमालियाचे संयुक्त राष्ट्रांतले सदस्यत्व शाबूत राहिले. एकाकडे ४२वे सूत्र होते, दुसऱ्याकडे ४३वे. ‘ऑर्डर ऑफ माल्टा’ ही जुनी कॅथलिक संघटना तर आणखी नवलाची. १७९८मध्ये नेपोलियनने माल्टा घेतल्यापासून या संघटनेकडे राज्य करण्याजोगी भूमी नाही. रोममधून तिचा कारभार चालतो आणि शंभराहून अधिक देशांशी तिचे राजनैतिक संबंध आहेत. भूमीशिवाय भौम!

आंतरराष्ट्रीय कायद्याचे पंडित इथे १९३३चा माँटेव्हिडिओ करार पुढे करतात. राज्याला स्थायी लोकसंख्या हवी, निश्चित प्रदेश हवा, सरकार हवे आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता हवी. राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही, असेही त्या करारात स्पष्ट लिहिले आहे. मग चौथी अट कशासाठी घातली? समोरचा दारच उघडत नसेल तर संबंध जोडण्याची क्षमता दाखवायची कुणाला? पुढच्या दाराने हाकललेली विदित त्यांनी मागच्या दाराने आत घेतली आहे.

याहून जवळचे उदाहरण वऱ्हाडचे. १८५३मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. १९०२मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढे मध्य प्रांताला जोडले. निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले, बरोबरीच्या नात्याने बोलणी मागितली. २७ मार्च १९२६च्या पत्रात व्हाइसरॉय रीडिंग यांनी उत्तर दिले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व सर्वोच्च आहे. आणि दहाच वर्षांनी, १९३६च्या करारात, ब्रिटिशांनी वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले, त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही दिला! अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा कलेक्टर मात्र नागपूरच्या सरकारचाच राहिला. निजामाकडे विदित होती, ईश्वर नव्हता. इतकी स्वच्छ फाळणी मला दुसरीकडे सापडत नाही.

याच्या उलट १६७४. गड, मुलूख, फौज, आरमार हे सगळे शिवाजी महाराजांकडे राज्याभिषेकाच्या आधीच होते. मग एवढा खर्च, एवढा सोहळा कशासाठी? माझे ठाम मत आहे की ती ४३व्या सूत्राची पूर्तता होती. छत्र, शक, शिवराई, होन ही सगळी जगाला कळवण्याची साधने. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर नजराणा घेऊन हजर होता, तहाची बोलणी करत होता. वकील राजाकडे येतो, जहागीरदाराकडे नाही.

आता लवाद आणि कंपन्या. केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीने भारताच्या पूर्वलक्ष्यी, म्हणजे मागच्या व्यवहारांवर नंतर लावलेल्या, कराविरुद्ध लवादाकडे दाद मागितली. आधार होता १९९४च्या भारत-ब्रिटन गुंतवणूक कराराचा. डिसेंबर २०२०मध्ये १२० कोटी डॉलरचा निवाडा भारताविरुद्ध गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच न्यायालयाकडून टाच आणवली गेली, आणि ऑगस्ट २०२१मध्ये संसदेने कायदा बदलला. ‘सार्वभौमत्व संपले’ असा ओरडा तेव्हा झाला. तो चुकीचा होता. तह करणे हाच सार्वभौमत्वाचा वापर आहे, हे हेगच्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२३मध्ये विम्बल्डन जहाजाच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. पाहायचे ते एवढेच की सही केल्यावर पुढचे तह करण्याची आणि केलेला मोडण्याची मुभा उरली का. ३१ डिसेंबर १८०२ला वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाने सही केली आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलण्याचा हक्कच घालवला. ते सार्वभौमत्व जाणे. ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२०ला रीतसर बाहेर पडले, म्हणजे आत असतानाही ते सार्वभौम होते. भारतानेही २०१६नंतर गुंतवणुकीचे बरेच जुने करार संपवले.

कंपन्यांचे भय खोटे आहे असे मी म्हणत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, इशारा देऊन ठेवला आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना कायमची जागा देऊ नये, असा त्याचा आशय. पण आज ज्याला ‘डिजिटल सार्वभौमत्व’ म्हणतात तिथे धोका ४२व्या सूत्राला आहे. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवा असा आदेश काढला, तेव्हा भारताला देश म्हणून कुणी ओळखत नव्हते असे नाही. प्रश्न आपल्या माहितीवर आपला हुकूम चालतो की नाही, हा होता. त्यासाठी मराठीत ‘अंमल’ हा नेमका शब्द आहे. बातमीत तोच लिहावा.